वय झालं म्हणून श्वास वाढतो का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय, म्हणून पत्राचा गाभा तेवढा देते.

"माझे सासरे, नाना, ८२ वर्षांचे आहेत. गणिताचे मास्तर म्हणून शाळेतून निवृत्त झाले. तरुणपणी माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकले, अजूनही सकाळी पेटी घेऊन बसतात. साखर नाही, ब्लडप्रेशरची एक गोळी आहे. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात पडून होतं, ते सहज लावून पाहिलं. एक आकडा ९५ आला, दुसरा ७६. तो श्वासांचा समजून मी घाबरलेच. औषधाच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं की ती नाडी असते. मग मोबाइलवर वेळ लावून श्वास मोजले. दुपारी झोपेत १९, पेपर वाचताना २२, अंगणातून जिना चढून वर आल्यावर २४. वाचलं तर १२ ते २० हवेत. तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा मोजते. इंदूरच्या नणंदबाई म्हणतात, वय झालं की श्वास वाढतोच. डॉक्टरांना विचारलं, तर 'उम्र का असर है' म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. परवा नानांच्या लक्षात आलं. म्हणाले, माझे श्वास मोजायला बसलीस? एवढी घाई झाली का? त्या दिवसापासून नीट बोलत नाहीत. मी चुकले का? आणि २२ म्हणजे आजार की वय?"

ताई, आधी नानांच्या रागाचं बोलू, कारण तुमचा जीव त्यात जास्त अडकलेला दिसतो. तुमचं चुकलेलं नाही. पण नानांचंही समजून घ्या. आपल्या घरांत कुणी कुणाचे श्वास मोजतंय म्हटलं की तुळशीपत्र आणि गंगाजलच आठवतं. नाडी पाहिली तर माणूस हात पुढे करतो, श्वास मोजले तर दचकतो. नाना गणिताचे मास्तर आहेत, तेव्हा त्यांच्यासमोर एक हिशेब ठेवा. अजपाजपात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासालाच जप मानण्याच्या साधनेत, माणसाचे दिवसरात्रीचे श्वास २१,६०० धरले आहेत. दिवसाची मिनिटं १,४४०. भागाकार त्यांनाच करू द्या. उत्तर १५ येतं. आज डॉक्टर मोठ्या माणसाचे विसावलेले श्वास मिनिटाला १२ ते २० मानतात, त्याच्या जवळजवळ मधोमध. आपल्याकडे श्वास मोजणं मृत्यूच्या खाटेशी नंतर जोडलं गेलं असेल, पण ज्यांनी ते आधी केलं ते जपाला बसलेले होते. हे नानांना पटेल असं मला वाटतं.

आता तुमचे तीन आकडे. झोपेतला १९ ठीक आहे. जिना चढल्यावरचा २४ विसरून जा. जुन्या वाड्याचा उभा दगडी जिना चढून आलेल्या कुणाचाही श्वास वाढेल, मोजायचा तो बसून निदान दहा मिनिटं झाल्यावर. राहिला पेपर वाचतानाचा २२. तो एकदाच आला असेल तर काळजीचं कारण नाही. रोज येत असेल, तर "वय" म्हणून सोडून द्यायचा आकडा तो नव्हे, आणि नणंदबाईंचं म्हणणं तिथे अपुरं पडतं.

अपुरं म्हणते, चूक म्हणत नाही. वयाने श्वास थोडा वाढतो, आणि का वाढतो ते फार साधं आहे. तरुण माणूस स्वस्थ बसला असताना एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० च्या आसपास नाकात, घशात आणि श्वासनळ्यांतच राहते, रक्ताला तिचा उपयोग नसतो. उपयोगाची हवा उरली ३५०. मिनिटाला १२ श्वास धरले तर ४,२०० मिलिलिटर झाली. आता उतारवयात छाती ताठर होते, श्वास जरा उथळ होतो. समजा तो ४०० वर आला. नळ्यांतली १५० काही कमी होत नाही, म्हणून उपयोगाची उरते फक्त २५०. तेवढीच ४,२०० हवा मिळवायला आता १७ श्वास लागतात. शरीर एवढीच तडजोड करतं, छोटे घास आणि थोडे जास्त घास. त्यामुळे सत्तरी-ऐंशीतल्या पुष्कळ तब्येतवान माणसांचा नेहमीचा आकडा १६, १८, २० असा चौकटीच्या वरच्या बाजूला असतो. वृद्धांच्या पाहण्यांत १६ ते २५ असा पल्लाही दिलेला आढळतो, पण त्याचं वरचं टोक बहुधा वृद्धाश्रमातल्या, आधीच दुखण्याने वेढलेल्या माणसांचं असतं. पेटी घेऊन बसणाऱ्या नानांना मी ते लावणार नाही.

खरा फरक बसलेल्या माणसात दिसतच नाही. तो दमसासात दिसतो. हा शब्द गाणाऱ्यांचा, आणि याहून नेमका शब्द मला डॉक्टरी भाषेतही सापडलेला नाही. नानांना विचारा, पंचविशीत एका दमात किती आवर्तनांची तान जायची आणि आता कुठे तुटते. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीत सर्वांत जास्त असते. मग जोराने फुंकून पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकता येते, ती दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते, अगदी निरोगी, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसातही. पन्नास वर्षांत ही घट सव्वा ते दीड लिटर होते. बरगड्या उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, जोडणाऱ्या कूर्चांत चुना साठतो, पाठीचे मणके खचून पोक येतं, म्हणून छातीचा पिंजरा पूर्वीसारखा फुलत नाही. आतल्या फुप्फुसाचं उलट होतं, त्याची रबरासारखी आखडण्याची शक्ती ढिली पडते. वायुकोश सैल, मोठे होतात, बारीक नळ्या श्वास सोडताना लवकर मिटतात आणि वापरलेली हवा आतच थोडी अडकून राहते. भात्याचं कातडं सैल आणि लाकूड ताठ, असं दोन्ही बाजूंनी होतं. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याचा, स्नायूही अशक्त होतो. तरीही बसल्या जागी याचा पत्ता लागत नाही, कारण बसल्या जागी आपण एकूण ताकदीचा लहानसा भागच वापरतो. गंगाजळी आटलेली असते, रोजचा खर्च भागत असतो. खर्च अचानक वाढला, म्हणजे ताप आला, जिना चढला, हृदय थकलं, की ते उघड होतं.

यापुढचं जरा सावकाश वाचा. वयाबरोबर धोक्याची घंटाही मंद होते. रक्तात प्राणवायू कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वासाला टाच मारतो. तरुणांशी तुलना केली तर सत्तरीपुढच्या माणसांत हा प्रतिसाद जवळपास निम्म्यावर आलेला आढळला आहे. धाप लागल्याची जाणीवसुद्धा बोथट होते. म्हणून म्हातारी माणसं "दम लागतोय" असं फार उशिरा म्हणतात, आणि आपल्याकडची तर त्यातून "उगाच कशाला त्रास" म्हणूनही गप्प बसतात. ज्याच्या मेंदूला टाच मारायचा कंटाळा आलेला आहे, त्याचा श्वास तरीही मिनिटाला २५-२६ पर्यंत गेला असेल, तर आत काहीतरी जोराचं घडत असलं पाहिजे. त्यामुळे "वय आहे, वाढणारच" हा तर्क मला उलटा वाटतो. वय जितकं जास्त, तितकी वाढलेल्या श्वासाची दखल लवकर घ्यायला हवी.

हे मी पुस्तकातून शिकले होते, आणि तरीही घरात विसरले. माझी आई तेव्हा ७९ ची होती. जानेवारी, चार दिवस ऊन नाही, खिडकीबाहेर धुक्याची भिंत. आई दोन दिवस गप्प गप्प होती, जेवण नको म्हणत होती. ताप नाही. खोकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली. मी वीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, थंडी बाधली असेल म्हणून तिच्या अंगावर दुसरी रजई घातली आणि दवाखान्यात निघून गेले. संध्याकाळी परत आले, रजई बाजूला केली आणि तिचं पोट कसं हलतंय ते दिसलं. मोजले, ३२ श्वास. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने भरलेला. ती अकरा दिवसांनी घरी आली, पण नंतर काठीशिवाय कधी चालली नाही. सकाळी एक मिनिट रजई सारून पाहिलं असतं तर उपचाराचा अख्खा दिवस वाया गेला नसता. म्हातारपणात न्यूमोनिया तापाशिवाय येतो, खोकल्याशिवायही येतो. भ्रम, झोपाळूपणा, अन्नावरची वासना जाणं एवढंच दिसतं, आणि श्वासाची गती कित्येकदा या सगळ्याच्या आधी, एखाद दिवस आधी, वाढलेली असते. म्हणूनच तुम्ही मोजलंत हे वाचून मला बरं वाटलं.

ऑक्सिमीटरबद्दल तुम्ही केलेली चूक पुष्कळजण करतात. पडद्यावर "पीआर" लिहिलेला आकडा नाडीचा, घरगुती यंत्रांत श्वास बहुधा दिसतच नाही. आणि ९५ दिसले म्हणून श्वासाकडे दुर्लक्ष करू नका. कित्येकदा शरीर जास्त श्वास घेऊनच ते ९५ टिकवून धरत असतं. आधी श्वास वाढतो, तो पुरेनासा झाला की मग ऑक्सिजन उतरतो. यंत्र पाहणारे बरेचदा दुसऱ्या पायरीची वाट पाहत बसतात. ग्वाल्हेरच्या थंडीत बोटं गार पडली असतील तर यंत्र खोटा कमी आकडाही दाखवतं, हात चोळून ऊब आणा आणि मग लावा.

मोजायचं कसं ते सांगते. माणसाला कळलं की आपले श्वास मोजले जाताहेत, की तो कळत-नकळत श्वास बदलतो. म्हणून नर्सबाई नाडी पाहिल्याचं दाखवत मनगट धरून ठेवतात आणि नजर छाती-पोटावर ठेवतात. तुम्हीही नानांचा हात हातात घ्या. स्वेटर-शालीतून छाती दिसत नसेल तर त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवून त्यावर आपला हात ठेवा. वर आणि खाली मिळून एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीचे चार होतात, हे नानांना सांगायलाही नको. जेवणानंतर लगेच, चहा पिताना, फोनवर बोलल्यावर, रियाजानंतर मोजू नका. सकाळी उठून शांत बसलेले असताना एकदा, असे सात दिवस. त्यातून त्यांचा स्वतःचा नेहमीचा आकडा मिळेल. तो मिळाला की १२ ते २० पेक्षा तोच जास्त कामाचा. कुणाचा नेहमीचा १४ असतो, त्याचे २० झाले तर पुस्तकाच्या चौकटीत असूनही विचारायला हवं. कुणाचा २० च असतो आणि तो वर्षानुवर्षं मजेत असतो. सात दिवसांनी रोजचं मोजणं बंद करा. महिन्यातून एकदा आणि नाना जरा वेगळे वाटले तेव्हा, एवढं पुरे. दिवसातून सहादा मोजलेत तर तुमचीच धडधड वाढेल.

पण विसावलेल्या अवस्थेत दोनदा मोजूनही २५ किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. ब्रिटनच्या रुग्णालयांत बिघडणारा रुग्ण ओळखायला जो तक्ता वापरतात, त्यात १२ ते २० ला शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला २ आणि २५ पासून पुढे ३, म्हणजे त्या रकान्यातले सर्वांत जास्त. ८२ व्या वर्षासाठी तिथे सवलत नाही. ३० च्या घरात गेले, ओठ किंवा नखं निळसर दिसली, एक वाक्य पुरं करताना मध्ये थांबावं लागलं, किंवा माणूस भलतंच बोलू लागला, तर दिवस-रात्र न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात न्या, जयारोग्य असो की दुसरं. उलट बाजूही आहे. श्वास १० च्या खाली आला आणि माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, तर झोपेच्या किंवा जोरकस वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम असू शकतो. तीही धावपळीचीच वेळ.

नानांचा आकडा सातही दिवस २१-२२ राहिला, तर घाबरू नका, पण वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "श्वास वाढलाय" एवढंच सांगितलं तर परत 'उम्र का असर' ऐकाल. सात तारखा आणि सात आकडे समोर ठेवले की कुणीही थांबून पाहतं. सोबत हेही सांगा: रात्री उशा वाढवाव्या लागतात का, आडवं झाल्यावर गुदमरून उठतात का, संध्याकाळी पायांवर बोटाने दाबलं तर खळगा राहतो का. हे हृदयाचं बोलणं आहे. पूर्वी एका दमात चढायचे तो जिना आता कितव्या पायरीवर थांबवतो, तेही. छाती तपासणं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, मूत्रपिंडाची रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, गरज पडली तर इको, यांतून बहुतेक कारणं सापडतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत रक्त कमी असणं फार आढळतं आणि ते सहज सुधारण्यासारखं असतं, म्हणून मी ते आधी पाहते. लहानपणापासून चुलीच्या धुरात वाढलेल्यांना सिगारेट न ओढताही फुप्फुसाचा जुनाट आजार होतो. तुमच्या घरातल्या आजी, आत्या, मोठ्या जाऊबाई यांच्याबाबतीत हे ध्यानात ठेवा, कारण त्या नानांसारखं चिडून का होईना बोलूनही दाखवणार नाहीत.

थंडीचं एक सांगायलाच हवं. लष्करातल्या जुन्या घरांत अजूनही रात्री सिगडी आत घेऊन दार लावून घेतात. हे करू नका, कधीच नाही. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि ऑक्सिमीटरला तो कळत नाही. विषबाधा झालेल्या माणसातही यंत्र ९८ दाखवू शकतं. शेकायचं तर अंगणात, आणि झोपायच्या आधी सिगडी बाहेरच ठेवून या. नाना फूलबागेत फिरायला जात असतील तर धुकं विरून ऊन पडल्यावर पाठवा, पहाटेचा हट्ट नको. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूची लस घेतली नसेल तर तीही, डॉक्टरांना विचारून या हिवाळ्याआधी देऊन टाका.

आणि त्यांची पेटी बंद होऊ देऊ नका. संथ श्वास घेऊन लांब सूर सोडणं हा फुप्फुसाला आणि श्वासपटलाला उत्तम व्यायाम आहे. खर्जाचा रियाज करताना त्यांचे श्वास मिनिटाला सहा-सातवर येतील, ते मुद्दाम केलेलं असतं, तो आकडा वहीत लिहू नका. अनुलोम-विलोम सावकाश करायला हरकत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र ब्लडप्रेशरची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, टीव्हीवर कुणी कितीही सांगितलं तरी.

उद्या सकाळी मोजायला बसाल तेव्हा लपून मोजू नका. २१,६०० चा हिशेब त्यांनी केला असेल, तर घड्याळ त्यांच्याच हातात द्या. "नाना, तुम्ही मिनिट सांगा, मी मोजते" म्हणा. जाणीव झाल्याने एखाद-दुसरा श्वास इकडेतिकडे होईल, पहिल्या दिवशी तो होऊ दे. आठवडा झाल्यावर आकडे मला कळवा. आणि जिन्याची ती पायरीही कळवा.